बादलीभर दूध

"कुणाला खरं वाटणार नाही, तुला तर नाहीच, पण या वाटेवर मी अख्खं बादलीभर दूध चोरून प्यायलोय," मी बायकोला म्हणालो.

आमच्या लेकीने दूध, मध, अंडी सगळं कधीच सोडलेलं. ती आजारी पडली, तेव्हा आम्ही दोघांनी नवस केला: तिच्यासारखंच खाऊन आठशे किलोमीटरची यात्रा पायी पुरी करायची. आज सकाळी मुक्कामाच्या खोलीत जावयाचा फोन आला, लेक शुद्धीवर नाही. तेव्हापासून बायको बूट मांडीवर घेऊन बसलेली. "नवस मोडला," एवढंच पुटपुटत होती.

"मोडला तो माझ्यामुळे. मंगळवारी पोटात कावळ्यांची सभा भरली होती. गोठा दिसला. गाय आपणहून बाजूला सरकली, म्हणाली, या काका, लाजू नका. बादली तोंडाला लावली ती रिकामी करूनच खाली ठेवली. मालकीण येताना दिसली, तर गायीने शेपटीने माझ्या मिशा पुसून दिल्या! देव रागावलाच असेल तर माझ्यावर. तू ऊठ, बूट घाल. नव्वदच किलोमीटर राहिलेत."

तिने मान वर केली.

"खोटं. दुधाच्या नुसत्या वासाने ओकारी येते तुम्हाला, चाळीस वर्षं बघतेय." तिने बूट खाली ठेवले. "त्या खाणावळीत मी साय घातलेलं सूप प्यायले, ते तुम्ही खिडकीतून पाहिलंत ना?"