शिडाची घडी

सन १९६३. पुण्याच्या प्राध्यापकांचं पत्र कालिंदीच्या हातात होतं आणि तिचे यजमान गोपाळकृष्ण ओसरीवर कान देऊन बसले होते. त्यांना मोतीबिंदू झाल्यापासून घरातलं टपाल तीच वाचायची.

निवृत्त झाल्यावर या संस्कृतच्या मास्तरांना एका पोर्तुगीज क्रियापदानं झपाटलं होतं. मुलगा माणिक गोव्यात तारखात्यात होता. त्यानं पाठवलेल्या पुस्तकात त्यांना ‘शेगार’ सापडलं. शेगार म्हणजे पोहोचणे. एका पाद्र्याकडून लॅटिन कोश मागून आणून, कालिंदीकडून पानं वाचून घेत ते मागे मागे गेले, थेट ‘प्लिकारे’पर्यंत. प्लिकारे म्हणजे घडी घालणे. किनारा आला की खलाशी शिडाची घडी घालतात. घडी घातली की पोहोचलो! बालाघाटात बसून, जन्मात समुद्र न पाहता त्यांनी हे ताडलं. चाळीस वर्षं पोरांना दुसऱ्यांच्या व्युत्पत्ती घोकवल्या; ही त्यांची स्वतःची होती, आणि ती त्यांनी पुण्याला लिहून कळवली होती.

पत्रात दोनच ओळी होत्या. हे शंभर वर्षांपासून कोशांत छापलेलं आहे. आपण व्यर्थ श्रम घेऊ नयेत.

“पुण्याचं होय काय?”

“नाही. बहिणीचं आहे, लांजीहून.” कालिंदीनं आत जाऊन पत्र चुलीत सारलं.

महिनाभर वाट पाहून ते म्हणाले, “त्याइले पुरावा पायजे असन. माणिकले लिही. म्हण, कोळ्याइले विचार, शीड कव्हा उतरवता?”

ते पत्र कालिंदीनंच लिहिलं. विचारायला काय जातं, असं तिला वाटलं.

माणिक विचारून थांबला नाही. कोळ्यांबरोबर होडीतून समुद्रावर गेला. वारा फिरला, होडी उलटली. तिसऱ्या दिवशी प्रेत सापडलं.

“मीच धाडलं त्याले,” एवढंच गोपाळकृष्ण म्हणायचे. कालिंदी ऐकून घ्यायची. खरं सांगितलं तर पोरगा ज्या शोधापायी गेला, तोही त्यांच्या हातून जाणार होता. १९६७ साली ते गेले.

कालिंदी १९७६ साली वारली. त्याच्या आदल्या वर्षी माणिकचा गोव्यातला सोबती भोजराज भेटायला आला. तो पुढं परसवाड्याला पोस्टमास्तर झाला. चुलीत घातलेल्या पत्राचं तिनं आयुष्यात पहिल्यांदा त्याला सांगितलं.



“काकू, त्याले मालूम होतं. कोश पाह्यलता त्यानं पणजीले. म्हणे, बाबाले हे कसं सांगू? कोशात नसन असं काही घेऊनच लिहितो. म्हणून तर होडीत बसला.”