एक दाता डावीकडे

जीपच्या स्टेअरिंगला आरपार तडा गेला होता. दस्तगीर मिस्त्रीनं ते उतरवलं, भेग भरली, घासून काळंभोर केलं आणि चौथ्या दिवशी परत चढवलं.

"बघा अक्का, नव्यागत झालं. मुळात ते दांड्याच्या दात्यांवर एक दाता चुकवून बसवलेलं. तेपण सरळ केलं."

"सव्वीस वर्षं घसा फोडून हेच सांगत होते मी!" अक्कांना हसू आवरेना.

ते अक्कांच्या मालकांनी स्वतःच्या हातानं बसवलं होतं. तेव्हापासून गाडी सरळ न्यायची तर स्टेअरिंग डावीकडे कलतं धरावं लागे. दर बाजाराच्या दिवशी अक्का टोकायच्या. मालक ढिम्म. "स्टेअरिंग सरळच हाय. रस्ता वाकडा हाय." मग गडहिंग्लज येईपर्यंत दोघांची जुंपायची. मालक गेले, त्याला दोन वर्षं झाली. आता गाडी अक्काच चालवत.

त्या ऐटीत गाडीत बसल्या. पण हातांनी सवयीनं स्टेअरिंग कलतंच धरलं आणि फाटकाबाहेर पडताच जीप डावीकडच्या कुंपणावर निघाली. अक्कांनी करकचून ब्रेक दाबला. सरळ झालेल्या स्टेअरिंगवरून एकदा हात फिरवला. मग गाडी मागं घेतली.

"दस्तगीर, काढ ते. एक दाता डावीकडे बसव. होतं तसं."

"अहो, पण तुमचंच खरं निघालं की!"

"निघालं रे," अक्का म्हणाल्या. "पण वाकडं असलं, की वाटभर भांडता तरी येतं त्यांच्याशी."