अर्धी फेरी

"सर, तुमचा आकडा चुकलाय." जिना चढताना हे वाक्य तिने तीनदा घोकलं होतं. दारात पोचल्यावर तोंडातून निघालं ते भलतंच.

"सर, वेळ आहे का?"

सरांनी समोरच्या खुर्चीकडे बोट केलं. ती बसली. प्रबंध पंधरा दिवसांत द्यायचा होता. त्यावर सही सरांची लागणार होती, आणि ज्या शोधाने सरांचं नाव झालं तोच तिने मोडीत काढला होता.

एकमेकांभोवती फिरणारे दोन तारे. एक फुगलेला, तांबडा. दुसरा चिमुकला, पण धगधगता. धाकट्याचा प्रकाश थोरल्याच्या वायूवर आदळून विखुरतो, आणि विखुरताना त्याच्या कंपनांना ठरावीक दिशा मिळते. तीच दिशा पुन्हा कधी येते हे पाहून सरांनी जोडीच्या फेरीचा काळ काढला होता. चारशे दहा दिवस. पाठ्यपुस्तकात छापलेला आकडा.

"कशाला हात पोळून घेतेस?" शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीने सकाळीच बजावलं होतं. "आधी पदवी पदरात पाडून घे, मग कर काय शहाणपणा करायचाय तो."

तिने दोन वर्णपट सरांपुढे ठेवले.

"चारशे दहा दिवसांच्या अंतराने घेतलेत, सर. दिशा दोन्हीकडे तीच. पण थोरल्याच्या रेषा बघा. इथे निळ्याकडे सरकल्यात, इथे तांबड्याकडे. म्हणजे आधी तो आपल्याकडे येत होता, नंतर लांब जात होता." तिने कोऱ्या कागदावर एक आडवी रेघ ओढली. "कंपनांची दिशा म्हणजे अशी नुसती रेघ, तिला टोक नसतं; अर्ध्या फेरीनंतरही ती तशीच दिसते. फेरी अर्धीच झालीय. पुरी व्हायला आठशे वीस दिवस लागतात."

सरांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद डोळ्यांपाशी धरले. पट्टी घेऊन रेषा मोजल्या. पुन्हा मोजल्या. मग उठले आणि कपाटातून तीन जाडजूड प्रबंध काढून तिच्यापुढे ठेवले.

"तुझ्या आधीचे तिघे. हीच जोडी दिली होती त्यांना. तिघांनीही चारशे दहाच आणून दिले."

तिने सगळ्यात वरचा प्रबंध उघडला.

"शंका मला बारा वर्षांपूर्वीच आली होती," सर खाली बघत म्हणाले. "स्वतः मोजायचा धीर होईना, म्हणून एकेकाला हीच जोडी देत आलो."