झाकली मूठ

“आबा, याची बंदूक कुठंय?”

आबा सोफ्यावर बसले होते. मांडीवर तो लाल रोबो अर्धवट दुमडलेला, एक पाय ट्रकच्या चाकाकडे वळलेला, डोकं आत गेलेलं. मुलाचा, उदयचा आवाज ऐकताच त्यांनी चटका बसल्यासारखे हात बाजूला घेतले.

उदय कॅमेरा आणायला आतल्या खोलीत गेला होता, तेवढ्यात हे झालं. खोकं नुकतंच घरी आलं होतं. ट्रकचा रोबो होणारं हे खेळणं कंपनीने कैक वर्षांनी पुन्हा काढलं होतं. जुना निळा होता. हा लाल आणि सोनेरी, चेहरा नवा, साचाही थोडा बदललेला. जुना उदयने केव्हाच मिळवून काचेच्या कपाटात उभा केला होता, मुठीत काळी बंदूक घेतलेला. या नव्याची त्याने कित्येक महिने वाट पाहिली होती.

“बंदूक? म्या न्हाई बा बघितली,” आबा म्हणाले.

“नाही कशी? आत्ता होती. तुम्हीच हात लावलात ना?”

“हात लावला, खरंय. ट्रक कसा होतो बघत होतो. पण…”

“पण काय? तुम्हाला काय आठवतंय आबा! परवा शेजारच्या बिल्डिंगमध्ये जाऊन दुसऱ्याच्या दाराला किल्ली लावत होतात. ते लोक घरी घेऊन आले म्हणून कळलं.”

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. उदयची बायको राजश्री दारात येऊन उभी राहिली. परवा तिनेच ती गोष्ट हसण्यावारी नेली होती. शांती नगरातल्या सगळ्या इमारती एकसारख्या, कुणीही चुकेल, म्हणाली होती. आबाही हसले होते.

आता ते हसले नाहीत. रोबो त्यांनी जपून टीपॉयवर ठेवला, गुडघ्यावर हात देत खाली बसले आणि सोफ्याखाली वाकून पाहू लागले.

“केवढी व्हती रं?”

“बोटाएवढी. काळी.”

उदयने चिडून जितेशला फोटो पाठवला, खाली बंदूक हरवल्याचं लिहिलं. जितेश भाईंदरचा, त्याच्यासारखाच या खेळण्यांचा वेडा. त्याचा लगेच फोन आला.

“क्या बात है, काय मस्त आलाय! बंदूक? अरे, यात बंदूक येतच नाही. मोल्ड बदललाय ना. मूठ बघ, बंद करून टाकलीय, होलच नाहीये. त्याच्या जागी कुऱ्हाड दिलीय. थर्माकोलच्या खाली बघ.”

उदयने थर्माकोल उचलला. खाली पातळ प्लास्टिकच्या पिशवीत सोनेरी कुऱ्हाड होती. पिशवी अजून फोडलेलीही नव्हती.

आत्ता होती, असं आपण म्हणालो.

त्याची कानशिलं तापली. आबा आता फरशीला गाल टेकून जवळजवळ आडवेच झाले होते. मोबाइलचा उजेड सोफ्याखाली फिरत होता. सदरा वर सरकून पाठ उघडी पडली होती. आबा, उठा, माझं चुकलं. एवढंच म्हणायचं होतं. पण राजश्री अजून दारातच उभी होती. शब्द ओठांपर्यंत आले आणि तिला बघून मागे फिरले.

त्याने कपाट उघडलं. निळ्याच्या मुठीतली बंदूक काढली, शोधायला वाकल्यासारखं केलं आणि ती पडद्याच्या खाली सरकवून दिली.

“आबा, तिकडे पडद्यामागे बघा बरं.”

“गावली!” आबा ओरडले. कोपराला धूळ लागली होती, तसाच हात त्यांनी वर धरला. राजश्रीने पुढे होऊन त्यांना उठवलं. उठल्याउठल्या त्यांनी लाल रोबो घेतला आणि बंदूक त्याच्या मुठीत बसवायला गेले. ती नुसतीच घसरत राहिली. त्यांनी पुन्हा दाबून पाहिली.

“ह्याचा हातबी बिघडवला का मी?”

“नाही, नाही. द्या इकडे. मी बसवतो नंतर.” उदयने बंदूक घाईने खिशात टाकली.

आबा हात झटकत बसले. “पण मला काहीच आठवत न्हाई बघ, राजश्री. हातात घेतली, पाडली, अन् सगळं पुसून गेलं. असं कसं?”

“होतं हो आबा. वय झालं की होतं,” ती हळूच म्हणाली.

उदय खोक्याची झाकणं लावत राहिला.

तेवढ्यात संचिता आतून आली, पाठीला दप्तर, हातात रंगांची पेटी. तिला चित्रकलेच्या क्लासला सोडायचं आणि आणायचं काम आबांचं. “आबा, चला ना, उशीर होतोय.”

आबा उठले नाहीत. “आजपासून पप्पासंगं जात जा, बाळा.”

“का?” उदयने विचारलं.

“मोठा रस्ता हाय. पोरीचा हात धरलाय हेच इसरलो तर?” उभा जन्म एसटी चालवलेला तो माणूस खाली बघत म्हणाला. “माझा आता भरवसा न्हाई, उदय.”

“आबा, ती बंदूक…”

“गावली न्हवं? जाऊ दे आता. रागावू नकोस.”

संचिताने उदयचं बोट धरून ओढलं. दोघं जिना उतरून खाली आले. मेन रोडला बस आणि रिक्षांची रीघ लागली होती. ओलांडायला तो पुढे झाला, तशी तिने हात सोडवून घेतला.

“असं नाही पप्पा. ज्या बाजूने गाड्या येतात, तिकडे मोठ्या माणसाने राहायचं असतं. आबा कधीच विसरत नाहीत.”

आणि वळसा घालून ती त्याच्या दुसऱ्या बाजूला गेली.