आतल्या मशीनवरचे साहेब

“साहेब, नमस्कार!” म्हणत समोरचा फर्निचरवाला सरळ काचेच्या पार्टिशनमागे शिरला आणि शिलाई मशीनवर बसलेल्या पुतळ्याच्या गालावर त्याने टिचकी मारली. पोकळ आवाज आला. “अरे वा! खरंच प्लॅस्टिकचे निघाले की!”

टेलरबाईंनी इस्त्री उभी केली. सकाळपासून हेच चाललं होतं. पेपरात दर शनिवारी ‘आगळंवेगळं’ नावाचं सदर येत असे. आज त्यात दोन डोक्यांचं कासव होतं, बायकोशी भांडून झाडावर राहायला गेलेला माणूस होता आणि त्या दोघांच्या मधे बाईंच्या दुकानाचा फोटो. खाली लिहिलं होतं, ‘पती गेला, प्रेम नाही! पुतळ्यासोबत संसार करणारी शिंपीण.’ एक जोडपं येऊन आपल्या पोराला पुतळ्याच्या मांडीवर बसवून फोटो काढून गेलं. कुणीतरी त्याच्या ओठांना सिगारेट चिकटवून पाहिली. बाई दात आवळून काज करत राहिल्या.

संसारबिंसार काही नव्हता. नवरा गेल्यावर त्या या रस्त्यावर नव्याने आल्या. दुकानात बाई एकटीच असते म्हटल्यावर नको ती माणसं नको तितका वेळ रेंगाळायला लागली. मग कपड्यांच्या दुकानाने टाकून दिलेला हा पुतळा त्यांनी उचलून आणला, त्याला शर्ट-टोपी चढवली आणि रस्त्याकडे पाठ करून आतल्या मशीनवर बसवला. काचेतून अंधुक दिसायचा. एखादं गिऱ्हाईक जास्तच सैलावलं की बाई आत तोंड करून म्हणायच्या, “अहो, ऐकलंत का?” तेवढ्यावर भागायचं.

“तीन वर्षं मी रस्त्यावरून ह्याला हात जोडतोय,” फर्निचरवाला म्हणाला. “आणि तुम्ही पदराआड हसत होतात, काय?”

तो नुकताच जेवून आला होता. दातांतली काडी त्याने बाहेर काढली, न्याहाळली आणि पुतळ्याच्या खिशात खोचली. मग काखांत हात घालून पुतळा उचलला, कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून टेकवला आणि स्वतः त्या खुर्चीत बसला. खुर्ची करकरली.

“आता कसं शोभतंय!” मशीनवर लोंबणारी टेप त्याने गळ्यात घातली. “घ्या माप. सावकाश घ्या. हाक मारायला आता आत कोण आहे?”

मानेवरच्या घामाने टेप ओली होत होती.

“उठा तिथून.”

“रागावता काय? बाहुल्यावर एवढी माया. मी तर हाडामांसाचा आहे.”

तो उठून टेबलाशी आला आणि इस्त्रीला काढलेल्या निळ्या कापडावर त्याने पंजा पसरला. जेवणाचा वास बाईंच्या तोंडाशी आला. त्यांनी इस्त्री उचलली, कापडाच्या पलीकडच्या टोकाला टेकवली आणि दाबत दाबत त्याच्या बोटांकडे आणायला लागल्या. तो हसत बघत राहिला. इस्त्री थांबली नाही. शेवटी त्याने हात ओढला, पण करंगळीला चटका बसलाच.

“वेड लागलंय का, बाई?”

“मधे हात आला. काम चालू आहे.”

टेप टेबलावर भिरकावून, करंगळी चोखत तो दाराशी गेला. तिथे वळला आणि पुन्हा हसला. “ठीक आहे. उद्या येतो. घाई कुणाला आहे?”

बाईंनी टेप चिमटीत धरून उचलली, कात्रीने तिचे तुकडे केले आणि कचऱ्यात टाकले. साबणाचं पाणी करून खुर्ची पुसली. पुन्हा पुसली. आपलाच हात हुंगून पाहिला आणि फडकं परत पाण्यात बुडवलं. तेवढ्यात फोन वाजला.

सदर लिहिणारी मुलगी होती. गेल्या आठवड्यात पँट आखूड करून घ्यायला आली होती. स्टुलावर उभी राहून मावशी, मावशी करत गप्पा मारत होती, आणि बाईंनी भोळेपणाने आतल्या साहेबांचं गुपित तिला सांगून टाकलं होतं. दोघी पोट धरून हसल्या होत्या.

“मावशी, कमाल केलीत! कासवालासुद्धा मागे टाकलंत तुम्ही. सगळ्यात जास्त तुमचीच बातमी वाचली लोकांनी!”

“हे आपल्या दोघींतच ठेव, असं म्हटलं होतं ना मी?”

“अहो, नाव कुठे छापलंय तुमचं?”

“दार छापलंयस. दार ओळखतात लोक.” बाईंचा आवाज खाली आला. “आणि खोटं का लिहिलंस? तो मी कशासाठी बसवला होता, ते सांगितलं होतं तुला.”

मुलगी जरा घुटमळली. “मावशी, त्यात गंमत नव्हती हो. सकाळी सकाळी चहासोबत तसलं नको वाटतं लोकांना. बरं, ते जाऊ दे. पुढच्या शनिवारी दोन ओळी अजून हव्यात. काका काय म्हणतात? खूश आहेत का?”

बाईंनी कोपऱ्यात पाहिलं. टोपी खाली पडली होती.

“काका वारले,” त्या म्हणाल्या. “आज सकाळी. तुझ्या पेपरात आले आणि गेले.”

पलीकडे मुलगी खळखळून हसली.

“भारीच, मावशी! थांबा, थांबा, लिहून घेते. हाच मथळा करते!”

बाईंनी फोन बंद केला. बाहेर लख्ख ऊन होतं. समोर, फर्निचरच्या दुकानाच्या पायरीवर, तो फडकं गुंडाळलेली करंगळी वर धरून दोघा-तिघांना काहीतरी सांगत होता आणि ते सगळे इकडेच बघत होते.

भर दुपारी बाईंनी आतून कडी घातली.