परसातली माती

प्रयोगशाळेतल्या क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर, आलेखात, हेमटाइटची म्हणजे भाजल्या लोखंडाच्या खनिजाची टोकदार शिखरं उभी राहिली आणि तिने बसल्या जागेवरून बाबांना फोन लावला. "बाबा, मी म्हणत होते ना! डोंगराची राख तुमच्या परसात पडली तेव्हा तापलेलीच होती. मातीतलं लोखंड भाजून निघालंय. आता तरी घर सोडा."

बाबा हट्टाला पेटले त्याला दोन वर्षं झाली होती. आई गेल्यापासून ते ज्वालामुखीच्या डोंगराखालच्या घरात एकटेच राहत. डोंगर धुमसायला लागला, शेजारी हलले, बाबा ढिम्म. "तापलेली राख इथवर कधी आलीच नाही," हे त्यांचं पालुपद. शेवटी वैतागून म्हणाले होते, "मातीने सांगितलं तर निघतो. तुझ्या सांगण्यावरून नाही." आणि आज ते चक्क म्हणाले, "बरं. सामान बांधतो."

ती उठली. बसली. पुन्हा उठली. जिंकली होती, तरी काही केल्या चैन पडेना. हाताला चाळा म्हणून तिने यंत्रातली भुकटी काढून खिडकीशी नेली. भुकटी विटेसारखी लाल होती. फळीवरच्या बाटलीतली, बाबांच्या परसातून आणलेली तीच माती मात्र तपकिरी. दोन्हींवर नंबर एकच, सतरा.

तिला एकदम आठवलं. मातीत कुजलेला पाचोळा किती, हे मोजायला तिने काल त्यातली थोडी माती भट्टीत साडेपाचशे अंशांवर जाळली होती. घाईत तीच भुकटी यंत्रात गेली होती. लोखंड डोंगराने नव्हे, तिनेच भाजलं होतं.

तिने बाटलीतली माती यंत्रात लावली आणि अर्धा तास येरझाऱ्या घातल्या. शिखरं उठलीच नाहीत. नुसते दोन आळशी उंचवटे आले. म्हणजे फेरिहायड्राइट. मातीतलं तपकिरी, कधीही न तापलेलं लोखंड. राख गारच पडली होती. बाबांचं बरोबर होतं.

"कशाला सांगताय, मॅडम?" काचेची भांडी विसळता विसळता हे सगळं पाहत असलेल्या मदतनीस काकू म्हणाल्या. "म्हातारा जीव सुखरूप राहील. कुणाला कळतंय?"

तिलाही अगदी हेच हवं होतं, आणि त्याचाच तिला राग येत होता. दोनदा नंबर लावून तिने फोन कापला. तिसऱ्यांदा एका दमात बोलून टाकलं.

"बाबा, माझी चूक झाली. मी जाळलेली माती तपासली. तुमचंच खरं आहे." तिचा धीर सुटला. "पण तुम्ही तिथे एकटे असता आणि माझं इथे कशात लक्ष लागत नाही हो. माझ्याकडे या ना."

बाबांनी घसा खाकरला. "माती राहू दे गं. सामान बांधलेलंच आहे. दोन वर्षं नुसतं निघा, निघा ऐकतोय. माझ्याकडे या, हे आज पहिल्यांदा म्हणालीस."