टाळ सोडून

"मामा, आता दिव्याकडं बघत बसायचं काम न्हाई," प्रतिभा म्हणाली आणि तिनं लॅपटॉप ओट्यावर सासऱ्यांच्या पुढ्यात ठेवला. सणसवाडीच्या कंपनीतून तिच्या नवऱ्यानं, बिरदेवनं, जुन्यात घेतलेला लॅपटॉप. वायर खिडकीतून आतल्या बोर्डाला गेली होती.

रखमाजींची नजर दारावरच्या दिव्यावरून हलली नाही. लाईट गेली की ते असेच बसत. डोळ्यांतून पाणी गळायचं, भाकरी ताटात वाळायची.

"सेटिंगमधी चार्जिंगचा आवाज बंद होता, त्यो चालू केलाय. आता लाईट आली की ह्यो वाजणार."

"आन् झोपला तर?"

"झोपू नको म्हणून बी सेटिंग हाय. तेबी केलंय."

रखमाजींनी मान वळवली. पडद्याकडं नाही, तिच्याकडं.

"वाजीव बघू."

तिनं एकेक आवाज लावून दाखवला. पाण्याचा थेंब. "ऐकू न्हाई यायचा." बासरी. "आज काय गोकुळाष्टमी हाय व्हय?" मग तिनं मुद्दाम भरून ठेवलेला एक तुकडा लावला. बिरोबाच्या देवळातल्या सप्त्यातला, कीर्तनातला टाळ. एकच ठोका. तिला वाटलं, मामांना बरं वाटंल. सप्त्यात बुवांच्या मागं पहिल्या रांगेत तेच उभे असायचे.

रखमाजींचा हात तिच्या मनगटावर आला.

"टाळ नको, पोरी. टाळ वाजला की माझं डोळं मिटत्यात."

तिनं तो तुकडा पुसून टाकला. त्या दुपारीही लाईट अशीच गेली होती. बिरदेव विहिरीवर मोटरच्या स्टार्टरच्या पेटीत हात घालून बसलेला. घरचा दिवा लागला की 'हात काढ' अशी हाक द्यायची, हे काम ओट्यावर बसलेल्या बापाचं. मोबाईलवर कीर्तन चाललं होतं. बुवांनी अभंग उचलला, टाळ वाजला. दिवा कधी लागला ते दिव्यालाच ठाऊक. बिरदेवचा हात पेटीतच राहिला.

पुढं पेटीला नवा मेन स्विच बसला. आता तो पाडल्याशिवाय पेटीला कुणी हात लावत नव्हतं, हाकेची गरजच उरली नव्हती. हे तिनं सासऱ्यांना किती वेळा सांगितलं होतं.

"टाळ सोडून कुठलाबी लाव," रखमाजी म्हणाले.

शेवटी तिनं ट्रकच्या हॉर्नसारखा एक आवाज लावला.

"व्हय. ह्यो चालंल. ह्येच्यात देव न्हाई."

"तुमची हाक तरी काय कमी होती का?" नवऱ्याचं नाव न घेता ती म्हणाली. "ह्ये म्हणायचे ना, आमच्या आप्पांची हाक पार वरवंडच्या हायवेपातूर जाती."

रखमाजी कसंनुसं हसले. त्या दुपारपासून त्यांनी कुणालाच हाक मारली नव्हती. पाणी हवं असलं तरी तांब्या वाजवायचे.

ती गोठ्यात पेंड कालवायला गेली. तिथून ओटा दिसत होता. बराच वेळ ते दिव्याकडंच बघत होते. मग चाचपून त्यांनी लॅपटॉपच्या कडेला हात ठेवला आणि डोळे मिटले.

लॅपटॉप ओरडला.

"बिरदेवाऽ, हात काढ."

हाक ओट्यावरून उठली, ऊस ओलांडून विहिरीकडं गेली. विहिरीवर कुणी नव्हतं. रखमाजींचे डोळे मिटलेलेच होते. मान मात्र तिकडं वळली होती, पलीकडून ओ यायची वाट बघत.

प्रतिभानं घमेल्यातून हात बाहेर काढला. बोटांवरून पेंड गळत होती.

"काढला, आप्पा."